दोन इंचांची दुमड

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला अमेरिकन स्कर्टचा कागदी नमुना हाती आला, की शिवण्याआधी तो वाचावासा वाटतो; आणि वाचायला त्यावर बहुतेकदा काहीच नसतं. पातळ कागदाचे कोरे तुकडे, त्यांना पाडलेली भोकं. मोठी भोकं कापडाच्या उभ्या धाग्यावर धरायची, बारीक भोकं म्हणजे डार्ट, आणि कडेच्या खाचा एकमेकींसमोर आल्या की दोन तुकड्यांचं जमलं. पत्रिका जुळवणं याहून सोपं. एबेनेझर बटरिक या शिंप्याने 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मापवार नमुने काढले, तेव्हापासून तिकडच्या बायका हे कोडं सोडवत आल्या. माझ्या नमुन्याच्या पाकिटात सूचनांचा एक कागद आहे, पण तो लिहिणाऱ्याने वाचणारीला सगळं येतंच असं धरलेलं आहे.

पाकिटावर कंबर 26 इंच. माझी किती, ते टेपला ठाऊक आहे, तेवढं पुरे. पण स्कर्ट सहा कळ्यांचा, म्हणजे जोडायच्या कडा बारा. प्रत्येक कडेला पाव इंच वाढवला की कंबर तीन इंचांनी सुटते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. कळीदार कपडा ज्याने शोधला, त्याला बायकांची मनं कळत असावीत.

कापड लक्ष्मी रोडवरून आणलं, साधं पॉपलिन. कच्चे टाके घालून झाले आणि आत्या येऊन बसली. तिने थेट खालची कड उलटून पाहिली.

"दुमड एवढीशीच?"

मी सांगितलं, 1942 मध्ये कापड वाचवायला तिकडे एल-85 नावाचा सरकारी हुकूम निघाला होता. दोन इंचांवर दुमड नको, घेरही बेताचा. आत्याच्या चेहऱ्यावर त्या सरकारबद्दल कीव दिसली. तिच्या लहानपणी परकर वाढत्या अंगाचाच शिवत. खाली दोन-तीन आडव्या टिपा घालून कापड दडवायचं आणि दर जूनला एकेक टीप उसवायची. उसवलेल्या जागी न विटलेल्या रंगाचा गडद पट्टा उमटे. त्यावरून मुलगी किती वाढली ते अख्ख्या वाड्याला कळे.

"अगं आत्या, मी आता कुठे उंच होणारेय?"

"उंच नाही गं," आत्याने खडू उचलला आणि कमरेकडे बघितलं. "बाजूलाही माया सोड भरपूर. कापड काय अमेरिकेचंय?"