पाळण्यातले पाय आणि बर्फावरचा बागुलबुवा

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे म्हण सांगते, परंतु ते कोणाला दिसतात, कोणाला आधी दिसतात आणि ज्याला आधी दिसले त्याच्या पदरात त्याबद्दल काय पडते, याविषयी ती मौन पाळते; बर्फावरील हॉकीच्या शौकिनांचा बहुतेक कलह मात्र नेमका या तीन मुद्द्यांवर चालतो. येथे हॉकी म्हणजे ध्यानचंदांची हॉकी नव्हे, तर पोलादी पात्यांचे बूट घालून, सामन्यापूर्वी मुद्दाम गोठवलेल्या रबरी चकतीमागे धावण्याचा खेळ होय, जो पुण्यात राहून पाहायचा झाल्यास हिवाळ्यात पहाटे साडेपाचला दिवा लावावा लागतो आणि ज्याच्यामुळे प्रस्तुत लेखकाविषयी सोसायटीत ‘नियमित योगासने करणारे गृहस्थ’ असा, आजवर त्याने दुरुस्त न केलेला, गैरसमज पसरलेला आहे.

पाळण्यातले पाय पाहण्यासाठी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये पगारी माणसे नेमलेली असतात, आणि त्यांच्या शिफारशींवरून दर उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची निवडफेरी होते, म्हणजे संघ क्रमाने एकेका मुलावर हक्क सांगतात. आदल्या मोसमात जो संघ तळाशी राहिला त्याला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते, परंतु अगदी पहिले क्रमांक सोडतीने ठरतात. त्यामुळे या खेळात वेळेवर हरणे हीही एक कला मानली जाते. न्यूयॉर्क रेंजर्सने फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या चाहत्यांना चक्क पत्र लिहून कळवले होते की संघाची नव्याने बांधणी होणार असून काही आवडत्या खेळाडूंना निरोप द्यावा लागेल, आणि चाहत्यांनीही घरदुरुस्ती काढलेल्या कुटुंबाच्या सोशिकपणाने ती धूळ सहन केली. ९ एप्रिल २०१९ च्या सोडतीत जेव्हा या संघाला दुसरा क्रमांक लागला, तेव्हा म्हाडाच्या सोडतीत थेट मलबार हिलला सदनिका लागावी तसा आनंद झाला, कारण त्या क्रमांकाला कोणता मुलगा मिळणार हे जवळपास ठरलेले होते. पहिला क्रमांक हडसन नदीपलीकडील न्यू जर्सी डेव्हिल्सला गेला, आणि त्या राज्यातील एडिसन गावात राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या भाच्याने ‘मामा, आमचा पहिला’ असा संदेश पाठवला, ज्याला मामाने त्या दिवशी उत्तर दिले नाही.

तो मुलगा म्हणजे कापो काक्को. १३ फेब्रुवारी २००१ रोजी फिनलंडमधील तुर्कू येथे जन्मलेला, उजव्या बगलेवरून चाल करणारा हा आघाडीचा खेळाडू टीपीएस या स्थानिक संघाकडून २०१८-१९ च्या मोसमात ४५ सामन्यांत २२ गोल करून मोकळा झाला होता, जो त्या देशाच्या वरिष्ठ लीगमधील त्याच्या वयोगटाचा विक्रम होता. जानेवारी २०१९ मध्ये व्हँकूव्हर येथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध शेवटच्या दीड मिनिटात विजयी गोलही त्यानेच केला. प्रस्तुत लेखकाने हा गोल पाहिल्यावर दोनशे पानी वही काढली, तीत तारीख, वेळ आणि सही यांसह ‘हा मुलगा प्रथम दृष्टीस पडला’ अशी नोंद केली, आणि अख्ख्या तुर्कू शहराला तो आधीच दिसलेला होता ही बाब किरकोळ म्हणून सोडून दिली. त्याच पानावर ‘दुसऱ्या मोसमात किमान ४० गोल’ असे भाकीतही आहे. येथे हे नमूद करणे योग्य होईल की भाकीतकर्त्याची स्वतःची क्रीडाकारकीर्द शालेय लिंबू-चमचा शर्यतीतील तिसऱ्या क्रमांकापाशी संपलेली असून बर्फाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध उसाच्या रसापुरता आहे.

अशा माणसाकडे या विषयातील अधिकार कोठून येतो, असा प्रश्न भाच्याने अनेकदा विचारला आहे आणि त्याला मिळालेले उत्तर भाषाशास्त्रीय आहे. फिनिश भाषा बरीचशी लिहिल्याप्रमाणेच उच्चारली जाते, तीत ऱ्हस्व-दीर्घाचा आणि साध्या-जोड व्यंजनाचा भेद काटेकोरपणे पाळला जातो आणि तो न पाळल्यास अर्थ बदलतो: ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. रोमन लिपीला जे सांगण्यासाठी अक्षरे दुप्पट करावी लागतात ते देवनागरी एका वेलांटीत वा जोडाक्षरात सांगते, आणि यावरून प्रस्तुत लेखकाने असा सिद्धांत मांडला की बर्फावरील हॉकीचे समालोचन करण्यास जगात सर्वाधिक पात्र समाज मराठी हाच होय. क्रिकेटच्या कृपेने आपल्याकडे ‘बॅट’ आणि ‘कॅच’ यांच्यासाठी अर्धचंद्र आलेला असल्याने ‘पुल्युयॅर्वि’ हे आडनावदेखील, ज्यापुढे अमेरिकन समालोचक श्वास घेण्यासाठी थांबतात, मराठी माणूस चहाचा घोट न सांडता म्हणू शकतो. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा हा मराठी शुद्धलेखनाचा नियम आणि त्याच जागी असणारा फिनिश ऱ्हस्व इकार यांच्या भांडणात वहीची तीन पाने खर्ची पडली, त्या पानांत गोलांची नोंद नाही.

आडनावांचे अर्थ पाहू लागल्यावर तर हा देश परका वाटेनासा होतो. ‘यॅर्वि’ म्हणजे तळे, ‘निएमि’ म्हणजे भूशिर, ‘कोइवु’ म्हणजे भूर्जवृक्ष, ‘लाइने’ म्हणजे लाट. डोंगरे, तळेकर, पिंपळे आणि गरुड यांच्या पंगतीत ही माणसे सहज बसू शकतील. परंतु या सर्वांत मराठी मनाला भिडणारे आडनाव एकच, आणि ते म्हणजे अहो. फिनिशमध्ये ‘अहो’ म्हणजे जंगलातील मोकळी जागा, झाडे जाळून केलेल्या जुन्या शेतीनंतर उरणारी. मराठीत ‘अहो’ म्हणजे नवरा, आणि दोन्ही अर्थांत पूर्वी येथे काहीतरी घनदाट होते असे सूचित होते. सेबास्टियन अहो हा कॅरोलिना हरिकेन्सचा मध्य आघाडीचा खेळाडू २०१५ च्या निवडफेरीत ३५ वा निवडला गेला, म्हणजे त्याचे पाय पाळण्यात फारसे कोणाला दिसले नव्हते, आणि पुढे तो त्या संघाचा आधारस्तंभ झाला. गंमत अशी की त्याच लीगमध्ये सेबास्टियन अहो याच नावाचा एक स्वीडिश बचावपटूही न्यूयॉर्क आयलंडर्सकडून खेळत असे. एका लीगमध्ये दोन ‘अहो’ असल्यास घोटाळा होईल अशी भीती अमेरिकेत व्यक्त झाली, पण एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही ती वाटणार नाही, कारण तेथे स्वयंपाकघरातून ‘अहो’ अशी हाक आली की माजघरातील तिन्ही भाऊ एकदम मान वर करतात आणि हाकेतील त्राग्याच्या पट्टीवरून आपला कोणता हे बिनचूक ओळखून उरलेले दोघे पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात. एका पहाटे मात्र ही पारंपरिक विद्या कमी पडली; समालोचकाने ‘अहो! अहो!’ असा टाहो फोडला तेव्हा प्रस्तुत लेखक आतल्या ओट्याशी चहा करत होता आणि त्याने प्रतिक्षिप्त क्रियेने ‘आलो, आलो’ असे उत्तर दिले. ज्या व्यक्तीने ती हाक खरोखर मारली असती ती त्या वेळी गाढ झोपेत होती, आणि तिला हा प्रसंग सांगण्याचा मोह अद्याप आवरलेला आहे.

देवनागरीच्या या दिग्विजयाला तडा गेला तो मे २०१९ मध्ये, स्लोव्हाकियातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत. काक्को तेथे गेला होता, अठराव्या वर्षी मोठ्या माणसांमध्ये खेळून त्याने सहा गोलही केले, आणि वहीत त्याच्यासाठी स्वतंत्र रकाने आखून ठेवलेले होते. बाकी फिनिश संघाकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्या चमूत नॅशनल हॉकी लीगचा अनुभव असलेले खेळाडू अगदी मोजके होते, आणि कर्णधार होता मार्को आन्तिला नावाचा, २०३ सेंटिमीटर उंचीचा, चौतिशीला टेकलेला गृहस्थ, ज्याला २००४ च्या निवडफेरीत नवव्या फेरीत शिकागोने कोठेतरी शेवटाकडे उचलले होते आणि ज्याला त्या लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. उपांत्य सामन्यात रशियाविरुद्धचा एकमेव गोल त्याचा. अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध तीनपैकी दोन गोल त्याचे. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चौतिसावा वाढदिवस. फिनिश लोकांनी ‘तोरिल्ला तवातान’, म्हणजे ‘बाजारचौकात भेटू’, असे एकमेकांना तावातावाने कळवून हेलसिंकीतील हाविस अमांदाच्या कारंज्याभोवती जी गर्दी केली तिच्या तोंडी लाडक्या मुलापेक्षा या माणसाचे टोपणनाव अधिक होते. ते टोपणनाव म्हणजे बागुलबुवा. फिनिशमध्ये त्याला जो शब्द आहे त्यातील दोन्ही स्वर ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणावा तसे आहेत, आणि त्या स्वरासाठी देवनागरीत अक्षर नाही. ‘म्यर्क्यो’, ‘मेर्के’, ‘मोर्को’ अशा तिन्ही खोडून टाकलेल्या आकृत्या वहीत आजही दिसतात. जगात ज्याची आडनावे केवळ मराठी जिभेला पेलतात असे सिद्ध करण्यात आले होते त्या देशाला सुवर्णपदक मिळवून देणारा माणूस वहीत नव्हता, आणि असता तरी लिहिता आला नसता.

त्या सुवर्णपदकाने अठरा, वीस आणि खुला अशा तिन्ही गटांतील जागतिक अजिंक्यपदे मिळवणारा काक्को हा सर्वांत लहान खेळाडू ठरला, आणि महिन्याभरात तो न्यूयॉर्कचा झाला. पुढची हकीकत तशी छोटी आहे. पहिल्या मोसमात ६६ सामन्यांत १० गोल, दुसऱ्यात ४८ सामन्यांत ९, म्हणजे भाकितापेक्षा ३१ कमी. बहुधा तिसऱ्या फळीत जागा, कारण पहिल्या दोन फळ्यांत मोठ्या पगाराची वडीलधारी मंडळी बसलेली. २०२२ च्या उपांत्य फेरीतील निर्णायक सामन्यात धडधाकट असूनही बाहेर बसवणूक. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तसेच, आणि त्यावर तरुण मुलाला वगळणे सोपे असते अशा अर्थाचे त्याने एक साधे वाक्य उच्चारले तोच १८ तारखेला त्याची सिअ‍ॅटलला रवानगी. न्यूयॉर्कसाठी ३३० सामने आणि ६१ गोल एवढी ही जमाखर्चाची पाने आहेत.

येथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागेल, कारण या मुलासाठी चाहत्यांत रूढ झालेला ‘फुकट गेला’ हा शब्दप्रयोग प्रस्तुत लेखकाला संताप आणतो, आणि तो संताप अधिकच असह्य होतो तो याच्यामुळे की त्याच वहीत, मार्च २०२१ च्या एका पहाटे, त्याच्याच हस्ताक्षरात हे दोन शब्द लिहिलेले आहेत. जो मुलगा जगातील सर्वांत अवघड लीगमध्ये ३३० वेळा मैदानात उतरला तो फुकट गेला असे म्हणणाऱ्याचे नेमके काय गेले? त्याचे भाकीत गेले. पूर्वी दहावीच्या गुणवत्ता यादीत नाव आलेल्या मुलांची तोंडात पेढा असलेली छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येत, आणि पंधरा वर्षांनी त्यांतील एखादा सरळ नोकरी करून सुखाने राहत असल्याचे कळले की गावातील लोक हळहळत. त्या हळहळीत मुलाच्या काळजीचा भाग किती आणि पेढ्याची किंमत वसूल न झाल्याचे दुःख किती, हे त्या लोकांनाही सांगता आले नसते. अठरा वर्षांच्या मुलाने परक्या भाषेच्या, ऐंशी लाखांच्या शहरात येऊन लोकांनी आपापसात लावलेल्या पैजा फेडाव्यात, असा करार त्याच्याकडून कोणी सही करून घेतलेला नव्हता. सगळा फिनलंड देश ५५ लाखांच्या आसपासचा आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील पुणे जिल्ह्याहूनही लहान, आणि एवढ्या थोड्या घरांतून दर दोन-तीन वर्षांनी एक मुलगा असा उचलून दूरच्या सोडतीत ठेवला जातो.

काक्कोला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन तयार करत नाही आणि ते बाहेरून घ्यावे लागते, तसेच गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअ‍ॅक हा विकारही आहे. ही माहिती निवडफेरीच्या वर्षीच जाहीर झाली होती, आणि वहीत ती ‘इतर’ या शीर्षकाखाली, बुटांच्या उल्लेखाच्याही खाली, एका ओळीत उरकलेली आहे. बदलीची बातमी आली त्या सकाळी प्रस्तुत लेखकाने हा सगळा इतिहास, गोलांची सरासरी, फळ्यांची रचना आणि व्यवस्थापनाचे दोष यांसह, पोळ्या लाटणाऱ्या सौभाग्यवतींपुढे सुमारे वीस मिनिटे सप्रमाण मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि लाटणे थांबवून विचारले, “अहो, पण मग तो मुलगा खातो काय तिथे?”

या प्रश्नाचा प्रतिपाद्य विषयाशी संबंध नसल्याचे त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आले.

“गहू चालत नाही, साखरेचं दुखणं,” त्या स्वतःशीच हिशेब करत म्हणाल्या, “म्हणजे ज्वारीची भाकरी. दोन्हीला बरी. पण त्याला तिथे करून कोण घालणार?”

वहीच्या १३७ व्या पानावर, सिअ‍ॅटलसाठी नव्याने आखलेल्या रकान्यांच्या उजवीकडे, शेरा या सदरात ‘ज्वारीची भाकरी’ अशी नोंद आहे. तारीख आहे, सही केलेली नाही.