विहीणबाईंचे जर्मन पूर्वज

वंशावळ म्हटलं की मला स्फुरण चढतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघाला तेव्हा मी मंडळावर होतो. काम वर्गणी गोळा करण्याचं होतं, पण लेकीच्या सासरी, अमेरिकेतल्या मिलवॉकीत, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. शिवाय मला मोडी येते. निदान तसं प्रमाणपत्र आहे. त्यामुळे लेकीच्या सासूबाईंनी पूर्वजांच्या फोटो-कागदांचा खोका पुढे ठेवला, तेव्हा ‘हे माझ्यावर सोडा’ असं मी इंग्रजीत म्हणालो आणि बायकोने मराठीत कपाळावर हात मारला.

खोक्यात जर्मनीतल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती होत्या, जुन्या कुरेंट लिपीत. तिच्यातली ई आणि एन ही अक्षरं जुळ्या भावांसारखी दिसतात. मोडीत मुरलेल्या माणसाला त्याचं काय! मी न दिसलेलंही वाचलं.

हे पूर्वज ज्या जहाजाने अमेरिकेला आले त्याचा पत्ता लागेना. हॅम्बुर्गहून निघाले असते, तर तिथल्या 1850 ते 1934 च्या प्रवासी याद्या आहेत. ही मंडळी निघाली ब्रेमेनहून. तिथल्या जुन्या याद्या ठेवायला जागा नाही म्हणून नष्ट केल्या आणि नंतरच्या बऱ्याचशा दुसऱ्या महायुद्धात गेल्या. अमेरिकेची 1890 ची जनगणना पाहावी, तर तिची बहुतेक कागदपत्रं 1921 च्या आगीत निकामी झालेली. पुरावा नसला की माझी प्रतिभा फुलते.

चर्चच्या वहीत एकाच आईची तीन मुलं, तिघांचंही नाव जोहान. आधीचं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची तिकडे रीत होती, हे मी वाचलं होतं. झालं! दोन जोहान मी बालपणीच मारले. मग 1880 च्या जनगणनेत त्याच घरात हेन्री आणि फ्रेड आले कुठून? दत्तक. त्यात एका जाड पुठ्ठ्यावरच्या फोटोत काळ्या रेशमी पोशाखातली तरुणी, हातात फुलं. म्हणजे वैधव्य, आणि फुलं कबरीसाठी. तिच्या नवऱ्याला मी बोटीवरच पटकी लावली.

हा सगळा शोकपट रंगीत छापून कुटुंबाच्या स्नेहमेळाव्यात भिंतीवर लागला. विहीणबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी भिंग आणून माझ्या विधवेच्या डोक्यावर धरलं. तिथे मर्टलच्या पानांचा मुकुट होता. म्हणजे ती नवरी होती! त्या काळी जर्मन मुली सर्रास काळ्या पोशाखात लग्न करीत. तोच रेशमी पोशाख पुढे चर्चलाही चाले.

“आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात,” बायको म्हणाली, “तेव्हा नाही कुणी कुणाला मारत.”

जोहानांचंही तेच झालं. अनेक जर्मन घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक मुलाला पहिलं नाव जोहान मिळे. हाक मारायची दुसऱ्या नावाने. जोहान हाइनरिश अमेरिकेत हेन्री झाला आणि जोहान फ्रीडरिश फ्रेड. दोघं धडधाकट जगले होते, आणि त्यांची प्रजा मेळाव्यात निम्म्याहून अधिक खुर्च्या अडवून बसली होती.

त्यातलाच एक सहा फुटी खापरपणतू ब्रॅटवुर्स्ट सॉसेजचं ताट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. आपल्या पूर्वजाला मी पाळण्यातच संपवलंय, हे त्याने नुकतंच भिंतीवर वाचलं होतं. तरी आग्रह करीत होता.

मी संकोचाने बायकोकडे पाहिलं.

“घ्या की,” ती म्हणाली. “श्राद्धाचं समजून.”