पन्नास दिवस बिनव्याजी

बेंगळूरच्या बनशंकरीत राहुकाळाला कुणी घाबरत नाही. कनकपुरा रस्त्यावरच्या देवळात तर बायका मंगळवारी-शुक्रवारी नेमका राहुकाळ साधून येतात आणि अर्धं लिंबू उलटं करून त्यात दिवा लावतात. या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेकंड स्टेजमध्ये राहणारे आमचे अण्णा मात्र एकच वेळ पाळतात : महिन्याची अठरा तारीख. त्या दिवशी त्यांच्या मुख्य क्रेडिट कार्डाचं बिल तयार होतं. सोळा, सतरा, अठरा या दिवसांत घरातली साखर संपली तर चहा गुळाचा. एकोणीस उजाडली की अण्णा अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बाहेर पडतात. कारण आज घेतलेल्या तेलाच्या डब्याचे पैसे थेट पुढच्याच्या पुढच्या महिन्यात, सात-आठ तारखेला द्यायचे. "पन्नास दिवस बिनव्याजी!" हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला तेलाचा डबा फुकट मिळाल्यासारखं वाटावं.

अण्णा मूळचे मिरजेचे. कुलदैवत बदामीची बनशंकरी, म्हणून घरही बनशंकरीतच घेतलं, असं ते सांगतात. वहिनी सांगतात, तेव्हा इथं भाडं कमी होतं. वडिलांचं मिरजेत छोटंसं दुकान होतं आणि गल्ल्यावर 'आज रोख उद्या उधार' ही पाटी. उधारी मागणारा माणूस दिसला की वडील आतल्या खोलीत जात. सेंट्रल बँकेनं १९८० मध्ये आपलं क्रेडिट कार्ड काढलं, तेव्हा अशा घरांत त्याची बातमीसुद्धा कुणी मोठ्यानं वाचली नसेल. त्या घरातल्या मुलाकडे आज नऊ कार्डं आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात सूचना : 'ऑनलाइन', 'किराणा', 'फक्त औषधे', 'विमानतळ', आणि एकावर नुसतंच 'वापरू नये'. वहिनींनी एकदा विचारलं होतं, जे वापरायचं नाही ते ठेवलंय कशाला? त्यावर अण्णांनी दिलेलं उत्तर पाऊण तास चाललं. त्यातलं वहिनींना एवढंच समजलं की ते बंद केलं तर दुसऱ्या एका कार्डाला वाईट वाटेल.

अण्णांचं खरं शास्त्र निराळंच. कार्ड घासलं की दुकानाला चार आकडी वर्ग लागतो. किराण्याला ५४११, हॉटेलला ५८१२, पेट्रोलला ५५४१, औषधांना ५९१२. कुठे पाच टक्के परत मिळणार, कुठे एक आणि कुठे भोपळा, ते या आकड्यांवर ठरतं. माणसं घराचा नंबर विसरतात. अण्णांना बनशंकरीतल्या प्रत्येक दुकानाचा वर्ग पाठ. नवं दुकान उघडलं की ते आधी वीस-तीस रुपयांचं काहीतरी घेऊन चाचणी करतात. घरात त्यामुळे शिवणकामाच्या सुयांची अकरा पाकिटं आहेत आणि शिवणयंत्र नाही. अशाच एका चाचणीत त्यांना शोध लागला की कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतलं मशीन मालकाच्या मेव्हण्याच्या हार्डवेअर दुकानाच्या नावावर आहे. "म्हणजे खारा बन हार्डवेअरमध्ये मोडतो," अण्णांनी घरी येऊन जाहीर केलं. "मोडतो कुठला," वहिनी म्हणाल्या, "माझा दात मोडला परवा."

पेट्रोलचा हिशोब अधिक कष्टाचा. कार्डावर पेट्रोल घेतलं की एक टक्का अधिभार लागतो. तो माफ व्हायला अण्णांच्या कार्डावर किमान चारशे रुपयांचं पेट्रोल भरावं लागतं. स्कूटरच्या टाकीत चारशेचं मावायचं तर ती आधी जवळजवळ कोरडी करायला हवी. म्हणून देवेगौडा पेट्रोल बंकच्या चढावर एक घामाघूम गृहस्थ बंद स्कूटर ढकलत चाललेले दिसले तर मदतीला धावू नका. त्यांचे चार रुपये वाचताहेत.

हे सगळं कंजूषपणातून येतं असं म्हणाल तर ते अण्णांवर अन्याय करण्यासारखं आहे. घरी गेलात तर जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. बाहेर मित्रांबरोबर खायला गेलं की बिलावर पहिला हात अण्णांचाच. नवखा माणूस भारावतो. "थांबा, मी भरतो!" असं म्हणून अण्णा कार्ड काढतात, पावतीवर नजर फिरवतात आणि मग मृदू स्वरात प्रत्येकाला त्याचा आकडा सांगतात : "तुम्ही मला तीनशे बारा पाठवा. तुम्ही दोनशे नव्वद, तुमची कॉफी नव्हती." आठ जणांचं बिल अण्णांच्या खात्यात पॉइंट होऊन बसतं आणि आठ जणांना अण्णांनी जेवण घातल्यासारखं अंधुक समाधान मिळतं. दुकानदार शंभरावर साधारण दीड-दोन रुपये मशीनवाल्यांना देतो, त्यातला एक वाटा बँकेला जातो, बँक त्यातला तुकडा अण्णांपुढे टाकते. आणि या सगळ्याचा मोठा खर्च भागवतात ते बिल थकवणारे, ज्यांच्याकडून वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज घेतलं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या व्याजावरची तीस टक्क्यांची जुनी मर्यादाही उठवली. ती बातमी अण्णांनी एखादा माणूस दुसऱ्याच्या गल्लीत पाणी शिरल्याची बातमी वाचेल तशी वाचली. त्यांनी आजवर व्याजाचा एक पैसा दिलेला नाही. सगळं बिल वेळेवर भरणाऱ्या अशा गिऱ्हाइकाला अमेरिकेतल्या कार्डधंद्यात 'डेडबीट' अशी शिवी आहे, हे कुठेसं वाचल्यापासून तर ते ताठ चालू लागलेत.

त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ २०२२ नंतर आला. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं आणि कोथिंबिरीच्या जुडीवरही पॉइंट मिळण्याची वाट मोकळी झाली. अडचण एकच : भाजीवालीचा क्यूआर कोड तिच्या खासगी खात्याचा असेल तर कार्ड चालत नाही, दुकानाचा लागतो. अण्णांनी बीडीए कॉम्प्लेक्सच्या आसपासच्या हातगाड्यांवर प्रचार सुरू केला. मोडक्या कन्नडमध्ये त्यांनी कितीतरी जणांना दुकानाचा कोड घ्यायला लावला, फॉर्म भरून दिले, कोड चिकटवायला घरून डिंक नेला. समाजकार्य म्हणून त्याची नोंद व्हायला हरकत नव्हती.

मग जुलै २०२५ उजाडला. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून कर्नाटकच्या व्यापारी कर खात्यानं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. मालाची उलाढाल चाळीस लाखांच्या वर, सेवा असेल तर वीस, अशांना. पण हावेरीच्या एका भाजीवाल्याला एकोणतीस लाखांची नोटीस आली आणि बेंगळूरच्या हातगाड्यांचं धाबं दणाणलं. रातोरात क्यूआर कोड निघाले आणि 'नो यूपीआय, ओन्ली क्याश' अशा पाट्या लागल्या. अण्णा पिशवी घेऊन गेले, तर त्यांनीच डिंकानं चिकटवलेला कोड खरवडून काढण्याचं काम चालू होतं. तो निघता निघत नव्हता; अण्णांचं काम पक्कं. भाजीवालीनं वर पाहिलं आणि म्हणाली, "क्याश कोडी, अण्णा." तिच्या स्वरात राग नव्हता, पण त्या दिवशी तिनं कढीपत्ताही वर घातला नाही. पुढे व्यापाऱ्यांनी संप पुकारला, मुख्यमंत्र्यांनी त्यांना बोलावून घेतलं, भाजी-दुधासारख्या करमाफ मालाच्या नोटिसांवर पुढे कारवाई होणार नाही असं ठरलं, संप मागे घेतला गेला. मधले दिवस अण्णा एटीएमच्या रांगेत दिसत. नोटा ते अशा मोजत की जणू प्रत्येक नोट त्यांचा एक-एक पॉइंट खाऊन जातेय.

एवढे पॉइंट जातात कुठे, असा प्रश्न कुणालाही पडेल. बहुतेक कुठेच जात नाहीत. खर्चायचे म्हटले की अण्णांचा जीव वर-खाली होतो : मिक्सर घेतला तर एका पॉइंटला वीस पैसे पडतात, विमानाच्या तिकिटाला पन्नास, आणि वर मोडण्याची फी नव्याण्णव अधिक जीएसटी. म्हणून थांबायचं. थांबता थांबता मुदत संपते, किंवा बँक एक दिवस भावच उतरवते. एका सकाळी चाळीस हजार पॉइंटची किंमत अर्ध्यावर आली, तेव्हा अण्णा सुतक असल्यासारखे दाढी न करता बसले होते. विमानतळावरचं लाउंज तेवढं ते हक्कानं वापरतात. दोन रुपयांना कार्ड घासायचं आणि आत पोटभर. त्यासाठी विमान दहाचं असेल तर बनशंकरीच्या बसस्थानकावरून पहाटेची वायुवज्र धरायची. "आदल्या तिमाहीत इतक्या हजारांचा खर्च केला की इडली फुकट," ते समजावून सांगतात. वहिनी लाउंजमध्ये झोपून घेतात.

गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं. गुरुजींनी तीन मुहूर्त काढले. अण्णांनी वीस तारखेचा निवडला. गुरुजींना वाटलं गुरुबळ पाहिलं. व्याही पुण्याचे, कर्वेनगरचे. दोन्ही घरची मंडळी कल्याण मंटप पाहायला थर्ड स्टेजमध्ये जमली आणि पैशांचा विषय निघाल्यावर वहिनींनी पदर सावरला. इथेच लग्नं मोडतात. पण अण्णा म्हणाले, "हॉलचं सगळं मी देतो." व्याही म्हणाले, "छे छे! काळ बदललाय. आम्हीच देणार." अण्णा हट्टाला पेटले, व्याही त्याहून. "जेवणाचंसुद्धा माझ्याकडे!" "मग सजावट तरी मला करू द्या!" विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असं माणुसकीचं घर मिळायला भाग्य लागतं, असं कुणीतरी म्हणालंही.

तेवढ्यात व्याह्यांनी खिशातून धातूचं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. ठण्ण आवाज झाला. अण्णांनी ते उचलून हातात तोललं, उलटं करून पाहिलं. पाठीवर चिकटपट्टी होती.

"वार्षिक फी?"

"दहा लाखांच्या खर्चावर माफ. चार कमी पडताहेत."

"मला तीन," अण्णा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की लग्नाचा खरा वाङ्निश्चय तेव्हाच झाला. मग जेवण एकाचं, हॉल दुसऱ्याचा, सजावट निम्मी-निम्मी अशी वाटणी ठरवून दोघे जोडीनं मॅनेजरसमोर उभे राहिले.

मॅनेजरनं दोन्ही कार्डांकडे बघून मान हलवली. "कार्ड इल्ला सार. क्याश, इल्लांदरे चेक."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. अण्णांनी आपलं कार्ड सावकाश पाकिटात ठेवलं आणि व्याह्यांना पुढे होण्यासाठी वाट करून दिली.

"तुमचा मान मोडणं बरं नाही," ते म्हणाले. "तुम्ही एवढं म्हणताय तर द्या तुम्हीच."