पिंग कसं करावं : महापे-रबाळेतल्या नवशिक्यांसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीत नोकरी लागली आणि ‘नेटवर्क इंजिनीअर’ छापलेलं ओळखपत्र गळ्यात आलं, की पहिल्याच आठवड्यात हाक येते, “अरे, नेट गेलंय, बघ जरा.” पुढचं सगळं मार्गदर्शन त्या ‘बघ जरा’साठी आहे. राऊटर सिस्कोचा आहे, असं धरून चाललो आहोत.

आपल्या लॅपटॉपवरून पिंग मारून “बंद आहे” असं जाहीर करू नये. तेवढं अकाउंट्सवाल्यांनाही कळलेलं असतं. राऊटरच्या आत शिरून तिथून पिंग करायचं, म्हणजे वाय-फाय, स्विच आणि अँटिव्हायरस हे तीन संशयित एका फटक्यात बाजूला होतात.

आत शिरायला कन्सोल केबल लागते. ती फिकट निळी, चपटी असते आणि आधीच्या माणसाच्या खणात होती. तो माणूस आता ऐरोलीच्या कंपनीत आहे. केबल सापडलीच, तर तिचं नऊ पिनांचं टोक जिथे जातं तो पोर्ट हल्लीच्या लॅपटॉपला नसतो. म्हणून यूएसबी कन्व्हर्टर. कन्व्हर्टरचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवावा लागतो. इंटरनेटच नाही, ही आठवण करून द्यायला पाठीमागे कोणीतरी उभं असतंच. मुकाट्याने मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा. कन्सोलचा वेग ९६०० ठेवा. पडद्यावर अगम्य चिन्हं उमटली तर वेग चुकला आहे, “हॅक झालं!” म्हणून ओरडू नका, साहेब जागेवर असतील तर मुळीच नाही.

पहिली आज्ञा पिंगची नव्हे, ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’. प्रत्येक पोर्टसमोर दोन रकाने दिसतात. दोन्हीकडे ‘अप’ असेल तर पुढे चला. दोन्हीकडे ‘डाउन’ असेल तर उठा आणि केबल बघा. पहिल्यात ‘अप’ आणि दुसऱ्यात ‘डाउन’ असेल तर तार जोडलेली आहे, पण दोन टोकांचं आपसात पटत नाहीये. आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असं दिसलं, तर पोर्ट बिघडलेला नाही, कोणीतरी आज्ञा देऊन बंद केलाय. कोणी, हे नव्या माणसाने विचारू नये.

आता पिंग. घाईत पी-एन-आय-जी असं टाइप झालं, तर राऊटर चूक दाखवत नाही. तो ते एखाद्या यंत्राचं नाव समजतो आणि पत्ता शोधायला निघतो. तोवर तुमचं काहीही ऐकून घेत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि ६ ही बटणं एकत्र दाबली की तो भानावर येतो. ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ ही आज्ञा देऊन ठेवली की ही खोड जाते.

पिंग जवळून लांब या क्रमाने करायचं. आधी ऑफिसातलं एखादं यंत्र, नंतर सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा गेटवे, मग ८.८.८.८, आणि शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव. जिथे उत्तर थांबतं, त्याच्या अलीकडेच कुठेतरी दुखणं असतं. ८.८.८.८ उत्तर देतोय आणि नाव टाकलं की गप्प, तर लाइन ठीक आहे, डीएनएस बघा. नवशिके नेमके उलटे जातात. थेट ८.८.८.८ गाठतात, उत्तर आलं नाही की कस्टमर केअरला फोन लावतात आणि अर्धा तास संगीत ऐकतात. स्वतःचा गेटवे त्यांनी पाहिलेलाच नसतो.

राऊटर एका वेळी शंभर-शंभर बाइटची पाच पॅकेटं पाठवतो आणि प्रत्येकाची दोन सेकंद वाट बघतो. उत्तर आलं तर उद्गारचिन्ह, नाही आलं तर टिंब. ऑफिसातल्या नव्या यंत्राला पहिल्यांदा पिंग केलं की बहुतेक वेळा एक टिंब आणि चार उद्गारचिन्हं येतात आणि खाली लिहून येतं : यश ८० टक्के. मराठी घरात वाढलेला कुठलाही साहेब इथे विचारणारच, “उरलेले वीस कुठे गेले?” उत्तर पाठ करून ठेवा. आयपी पत्ता माहीत असला तरी त्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता राऊटरला ठाऊक नव्हता. तो आधी सगळ्यांना विचारावा लागला आणि त्या चौकशीत पहिलं पॅकेट गेलं. पुन्हा पिंग करा, शंभर टक्के येतील. हा पत्ता तो एरवी चार तास लक्षात ठेवतो, त्यामुळे साहेबांना दाखवायचं असेल तर आधी एकदा गुपचूप करून घ्यावं.

पिंग लिहिलं माइक म्यूस यांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत. पाणबुडीच्या सोनारचा जो आवाज, तेच नाव दिलं. त्याला एवढंच कळतं की हाक पोचली आणि ओ आली. आतलं सॉफ्टवेअर चालू आहे का, हे त्याला विचारू नका. उलटही खरं : कित्येक सर्व्हर मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून ते मेले असं होत नाही.

पिंग अडलं तर ‘ट्रेसरूट’. ठाण्याहून वाशी लोकलने निघालेल्या माणसाला फक्त एकच स्टेशन जाण्याची मुभा दिली, तर तो दिघा गावला उतरवला जाईल आणि तिथून “पोचलो नाही” असा निरोप येईल. दोन दिली तर ऐरोलीहून, तीन दिली तर रबाळ्याहून. पॅकेटावर असाच एक आकडा असतो, टीटीएल. प्रत्येक राऊटर तो एकाने घटवतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून निरोप पाठवतो. त्या निरोपांवरून वाटेतले राऊटर एकामागून एक कळतात. मधल्याच एका ओळीत तीन फुल्या दिसल्या आणि पुढच्या ओळी ठीक आल्या, तर काहीही बिघडलेलं नाही. त्या राऊटरला निरोप देण्यात रस नाही, इतकंच. पण फुल्याच फुल्या सुरू झाल्या तर हिशोब करा : ३० टप्पे, प्रत्येकी तीन प्रयत्न, प्रत्येकी तीन सेकंद. साडेचार मिनिटं. चहा सांगून येता येतो.

मिलिसेकंदांचा आकडाही नीट वाचा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद, आणि समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही. लंडनचं पिंग वीसवर आणा, असा मेल आला तर हे गणित उत्तरात पाठवा. मात्र महापेहून रबाळेच्या डेटा सेंटरला दीडशे लागत असतील, तर तक्रार करायलाच हवी. दोन कंपन्यांची जाळी शेजारी असून जवळपास जोडलेली नसली, की पॅकेट परदेशात जाऊन परत येतं. देशातली वाहतूक देशातच वळावी म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली.

दोन प्रसंग हमखास फसवतात. एक : राऊटरवरून पिंग जातंय, टेबलावरच्या लोकांचं नेट मात्र बंद. राऊटर पिंग करताना ज्या पोर्टमधून पॅकेट बाहेर पडतं त्याचाच पत्ता लावतो, म्हणजे स्वतःपुरतं बघतो. नुसतं ‘पिंग’ लिहून एंटर दाबा, तो एकेक प्रश्न विचारेल. सोर्सच्या जागी ऑफिसच्या बाजूचा पोर्ट द्या. आता टिंबं आली तर नॅट किंवा परतीचा रूट राहिलाय. दुसरा : मेल येतो, अटॅचमेंट येत नाही. शंभर बाइटची पॅकेटं कुठूनही निसटतात. आकार १५०० करा, तुकडे करायचे नाहीत असं सांगा आणि पुन्हा पिंग करा. व्हीपीएनच्या वाटेवर इथेच अडतं. एका दिवसात हे दोन्ही सापडले, तर तुम्ही नवशिके राहिला नाहीत. पण ते ऑफिसात बोलू नका, सगळी कामं तुमच्याकडे येतील.

एवढ्यात “बंद करून चालू कर ना” असा सल्ला येईल. तो वॉचमनकाकाही देतात आणि कस्टमर केअरही. त्याने बऱ्याचदा नेट सुरूही होतं, फक्त कशाने गेलं होतं ते कायमचं कळत नाही. ऐकायचंच असेल, तर एक लक्षात असू द्या : तुम्ही केलेला बदल राऊटरने अजून फक्त तात्पुरत्या स्मृतीत ठेवलाय. वीज गेली की तो पुसला जातो. म्हणून प्लगला हात लावण्याआधी डब्ल्यू-आर ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबा आणि ‘ओके’ आलेलं डोळ्यांनी बघा.