आधी वायर काढून बघा

कर्नाळ्याच्या खिंडीत, भर पावसात, माझ्या जुन्या डिझेल जीपचा ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर पडला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. पट्टीवर तेल वरच्या खुणेपर्यंत होतं, इंजिनचा आवाजही बदललेला नव्हता. तरी टो करूनच पनवेलला आणली. तेलाचा दाब खरंच गेला असेल तर थोड्या वेळात बेअरिंग जातात, मागोमाग क्रँक.

बिघाडाचा मला राग नाही, जुन्या गाडीला तो व्हायचाच. राग आहे तो पुढच्या चार दिवसांचा. पहिले मेस्त्री काट्याकडे बघून म्हणाले, “मीटर खोटं दाखवतंय साहेब. वायर काढून टाका, बिनधास्त चालवा.” दुसऱ्यांनी तोच काटा बघितला. “पंप, नाहीतर बेअरिंग. इंजिन खोलायला लागेल.” दोघांपैकी एकानेही बॉनेट उघडलं नाही.

तपासणी किती सोपी आहे! इंजिनच्या ब्लॉकवर सेंडर बसवलेला असतो. तेलाचा दाब बदलला की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि एका वायरवरून काटा हलतो. इग्निशन चालू ठेवून ती वायर काढायची आणि क्षणभर ब्लॉकला टेकवायची. माझ्या मीटरमध्ये काटा अशा वेळी पूर्ण वर जातो (काही गाड्यांत उलट असतं). गेला, तर मीटर आणि वायर ठीक. मग सेंडर काढून त्या जागी पाइपचं साधं डायल लावायचं आणि खरा दाब वाचायचा. सगळा मिळून अर्ध्या तासाचा खेळ.

तिसऱ्यांनी, कळंबोलीत, न मोजता नवा सेंडर बसवला. काटा तरीही शून्यावर. “बघा, इंजिनच गेलंय,” ते म्हणाले, आणि मीही जवळजवळ हो म्हणालो होतो.

शेवटी एका ट्रकच्या गॅरेजातून डायल मागून आणलं आणि स्वतः लावलं. गरम इंजिन, आयडलिंगला 20 पीएसआय. फेऱ्या 2000 वर नेल्या तेव्हा 45. दर 1000 फेऱ्यांना 10 पीएसआय हा गॅरेजातला जुना अंदाज धरला तर इंजिन ठणठणीत. वायर ब्लॉकला टेकवली, काटा वर गेला. उरला तो नवाकोरा सेंडर. डायलसाठी काढून ठेवलेला तो नीट पाहिला तर आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गच्च गुंडाळलेली! एका वायरच्या सेंडरला अर्थिंग मिळतं ते याच आट्यांतून. टेप खरवडली, सेंडर परत बसवला, काटा जागेवर आला.

म्हणजे पहिल्या मेस्त्रींचं बरोबर निघालं. पण ज्याचा पंप खरंच गेलाय, त्यालाही ते हेच सांगणार आणि तो माणूस घाटात इंजिन घालवणार. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत काटाच नाही, नुसता लाल दिवा असतो, आणि तो दाब अगदी तळाला गेल्यावरच पेटतो. ज्यांच्या गाडीत काटा आहे त्यांनी त्याची वायर काढून टाकू देऊ नये.

मेस्त्री, तुमच्या हाताला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. इंजिन खोला म्हणण्याआधी तेवढी एक वायर काढून बघा. आणि सेंडरला टेप लावू नका.