बास!

(रंगमंचावर एक स्टूल. त्यावर निळा, पारदर्शक डबा. एका हातात गळाची काठी घेऊन पन्नाशीचा माणूस येतो. काठी विंगेच्या पडद्यात अडकते. सोडवतो. पुन्हा अडकते.)

आजचं पहिलं सावज : पडदा.

(काठी ठेवतो. डब्यावर हात ठेवतो.)

या डब्यात 43 खोटे मासे आहेत. खऱ्या माशाला फसवण्यासाठी. मराठीत याला आमिष म्हणता येईल, पण आमिष म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते. बायकोचा हुकूम आहे, आज रात्रीपर्यंत यातला एकच ठेवायचा, सगळ्यात आवडता. बाकीचे 42 भंगारात.

बायको शास्त्रज्ञ. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत. तिच्या नोकरीसाठी आम्ही पुण्याहून इथं आलो, दोन वर्षांसाठी. त्याला आता 19 वर्षं झाली.

हे सगळे आणले मेहुण्यानं. तो टेक्ससला असतो. दर डिसेंबरला येतो आणि म्हणतो, "दाजी, हा घ्या, बाससाठी." बास हा तिकडचा मासा. तोंड असं. (जबडा पाडून 'आ' करतो. तसाच उभा राहतो.) समोर काहीही आलं तरी गिळायचं. (तोंड मिटतो.) कावेरीत हा मासा नाही. कपिलेत नाही. पण प्रत्येक पाकिटावर छापलंय : बास. बास. बास. बायको म्हणते, "अरे, आता पाकीटसुद्धा सांगतंय!"

(एक-एक काढतो.)

हा बघा. हनुवटीला प्लॅस्टिकची जीभ. दोरी ओढली की पाणी जिभेवर आपटतं आणि हा डोकं खाली घालून बुडी मारतो, शेपूट हलवत. बुडी मारण्यात एकदम वाकबगार. पहिल्याच दिवशी मारली, झाडाच्या मुळात. तो तिथंच राहिला. हा त्याचा धाकटा भाऊ.

हा रबरी बेडूक. याचे दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, म्हणजे शेवाळात अडकत नाही. माशानं चावलं की अंग दबतं आणि गळ बाहेर येतात. आमच्या घरी तो फक्त मोलकरणीच्या हाताखाली दबला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आणि हा गांडूळ. जांभळा. आत चमकी. मला सांगा, कुठल्या शेतात जांभळं, चमकीचं गांडूळ निघतं? हे गांडूळ नाही, हे गांडुळाचं लग्न आहे.

आता यातला एक निवडायचा कसा? मी अभ्यासाला बसलो. म्हैसूरला मासेमारीचा इतिहास आहे, थट्टा नाही! इथं व्हॅन इंगेन नावाचं घराणं होतं. राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ पुन्हा जिवंत भासवण्यात जगप्रसिद्ध. त्यांतल्या एकानं 1946 साली कपिलेत महाशीर मासा पकडला, 120 पौंडांचा. म्हणजे 54 किलो! माझी बायको... (विंगेकडे बघतो.) माझी बायको शास्त्रज्ञ आहे.

गंमत पुढंच आहे. कावेरी खोऱ्यातल्या या कुबडवाल्या महाशीरचं शास्त्रीय नाव नक्की झालं 2018 साली. टॉर रेमादेवी. म्हणजे पकडला 1946 साली आणि कोणाला पकडलं ते कळलं 72 वर्षांनी! त्याच वर्षी त्याला अतिसंकटग्रस्तही ठरवलं. नाव मिळालं आणि लगेच आजारपणाचा कागद.

या माशाच्या जबड्यात दात नसतात. दात घशात! आपल्याकडे 'दात घशात घालीन' ही धमकी आहे. याचे जन्मापासून तिथंच आहेत. चावायचं नाही, आधी गिळायचं, मग घशात चुरा करायचा.

आणि कावेरीकाठी भीमेश्वरीला साहेबलोक विलायतेहून पेट्या भरभरून यायचे, तेव्हा तिथले गडी या माशाला काय लावायचे? जीभवाला मासा? चमकीचं गांडूळ?

(कुजबुजत) नाचणीचा गोळा.

होय. नाचणीचं पीठ मळायचं, लिंबाएवढा गोळा करायचा, उकळायचा, की त्याला रबरासारखी साल येते. वाहत्या पाण्यात सुटत नाही. त्यात गळ खुपसायचा. झालं! आता तो पट्टा अभयारण्यात आहे, गळ टाकणं बंद, आणि बरंच झालं. माझं आजोळ महाडकडचं. तिथंही वाळण कोंडीत मासे धरायचे नाहीत, ते देवीचे. लहानपणी खाऊ टाकला की ते पायरीपर्यंत यायचे. गळ दाखवला असता तर आजीनं मलाच कोंडीत टाकलं असतं.

पण आमच्या घरमालकीण अज्जींच्या मुलाचं नंजनगूडजवळ शेततळं आहे. त्यात कटला, रोहू. परवानगी घेतली. अज्जी म्हणजे आजीच; इथं एक 'ज' जास्त लागतो. गेलो त्यांच्याकडे नाचणी मागायला.

अज्जींची माझी ओळख मुद्द्यावरून झालेली. आलो त्या आठवड्यात दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "मुद्दे बेका?" मला वाटलं, भाडेकराराचे. मी वही-पेन घेऊन गेलो. समोर ताट, ताटात तपकिरी गोळा. कन्नडमध्ये मुद्दे म्हणजे तोच. मी हात जोडले, पोट बिघडलंय म्हणालो. ते पोट 19 वर्षं बिघडलेलं होतं.

या वेळी सांगितलं, मुद्दे हवेत, पण माशांना.

"मीनिगे?" अज्जींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. पाणी उकळायला ठेवलं. पीठ मधोमध ढीग करून सोडलं, ढवळलं नाही. ढिगाच्या कडेनं बुडबुडे आले, तेव्हा भांडं पायांत दाबलं आणि लाकडी कोलू घेऊन असं घोटलं, असं घोटलं, की त्यांचं वय 82 आहे हे मला पटेना. ओल्या हातानं गोळा फिरवला. गुळगुळीत. चेंडूसारखा. मी डबा पुढे केला.

त्यांनी ताट पुढे केलं. "मोदलु नीवु तिन्नि." आधी तुम्ही खा.

मी तुकडा तोडला. चावायला लागलो. "अगियबेडि! नुंगि!" चावू नका, गिळा! मुद्दे चावत नाहीत इथं. तुकडा सारात बुडवायचा आणि घशात सोडायचा.

(थांबतो. स्वतःच्या घशाला हात लावतो.)

महाशीर!

वरून बस्सारु. पालेभाजी आणि डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याचं ते सार, तिखट, लसणीचं. गरम गोळा खाली उतरला आणि पोटात कोणीतरी शाल पांघरली. दुसरा उतरला. मी हात आडवा केला, "बास, अज्जी!"

त्यांनी पळीभर वाढलं.

"बास! बास!"

दोन पळ्या.

अहो, मी म्हणतोय 'बास', त्या ऐकतायत 'बस्सारु'! जेवढं नको म्हणतोय, तेवढं येतंय! तीन मुद्दे गिळले. एकाचाही प्रतिवाद केला नाही. शेततळ्यावर गेलो नाही, उठताच आलं नाही. अज्जींनी दोन्ही हात धरून ओसरीवर ओढून काढलं. वजन केलं नाही एवढंच.

(डब्याचं झाकण लावतो.)

बायकोला सांगितलं, निवड झाली. 44 वा. नाचणीचा गोळा. ती शास्त्रज्ञ; म्हणाली, "पण अज्जींच्या गोळ्यात गळ कुठं असतो?"

अगं, दोन वर्षांसाठी आलो होतो आपण!

(आतून बाईचा आवाज : "मुद्दे बेका?")

(दचकतो. डब्याकडे बघतो, काठीकडे बघतो. दोन्ही तिथंच ठेवतो. जबडा पाडून, तोंड 'आ' करून, कोणीतरी दोरीनं ओढावं तसा विंगेत जातो. अंधार.)