वाऱ्याचं धुराडं

घरातलं काहीतरी पाडताना माणूस शीळ घालतो, ते भरून काढताना मात्र सुताराचे पाय धरतो. विलायती घरांतलं धुराडं हे याचं उत्तम उदाहरण. धुराड्याच्या अंगाला लाकूड टेकलं तर पेटायची भीती, म्हणून मजल्याच्या तुळया तिथे अलीकडेच कापतात आणि एका आडव्या लाकडावर टांगतात. पुढे हीटर येतो, धुराडं अडगळ ठरतं, दोन दिवसांत विटा उतरतात आणि उरतं एक चौकोनी भोक, त्याच्या काठावर ठेच लागल्यासारख्या थबकलेल्या आखूड तुळया. मालक त्यावर प्लायवूड ठोकतो, वर कपाट ठेवतो आणि कपाट हळूहळू डुलू लागतं. खरा इलाज एकच : भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसंध नवी तुळई घालणे. पाडणारा विटा मोजतो. प्रश्न मात्र लांबीचा असतो. माझं सगळं म्हणणं या लांबीविषयीच आहे.

हाच लांबीचा प्रश्न दुबईतही आहे. आता दुबईत धुराडं कशाला, असं कोणीही विचारेल. जिथे जुलैत अंगणच चूल होतं, तिथे घरात शेकोटी कोण पेटवणार? स्वयंपाकघरातली विजेची ‘चिमणी’ सोडली तर मराठी संसाराचाही तिथे धुराड्याशी संबंध नाही. पण बर दुबईत मीना बाजारातून साड्यांच्या पिशव्या घेऊन खाडीच्या कडेने जरा चाललं, की अल फाहिदीच्या गल्ल्यांत धुराड्याचा उफराटा भाऊ भेटतो : बर्जील. हा धूर वर सोडत नाही, वारा खाली ओढतो. चारी बाजूंनी उघडा मनोरा, आत फुलीसारखे पडदे. वारा कुठूनही येवो, खालच्या बैठकीवर उतरलाच पाहिजे. इराणातल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी 1890च्या दशकापासून ही वस्ती बांधली. भिंती समुद्रातल्या प्रवाळी दगडाच्या, आणि छताला ‘चंदल’. चंदन नव्हे, नुसतं चंदल : पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून आलेले खारफुटीचे वासे. हा वासा साडेतीन मीटरच्या आतबाहेरच कामाचा, म्हणून खोली लांबीला हवी तेवढी वाढते, रुंदी मात्र आफ्रिकेतलं झाड ठरवतं. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, आणि सोपा किती खणांचा यावर सोयरिकीत वजन. घराचं माप लाकडाने ठरायचं, घरमालक फक्त ऐट मिरवायचा.

मग एसी आला आणि बर्जील बेकार झाला. ‘वरून नुसती धूळ आणि कबुतरं येतात, पाडून टाका आणि भोक बुजवा,’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. वस्तीचा बराच भाग पाडलाही गेला. 1989मध्ये उरलेलीही जाणार होती, पण रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने मोहीम चालवली, दुबई भेटीवर आलेल्या राजपुत्र चार्ल्सनेही तिची बाजू घेतली, आणि वस्ती वाचली. समजा, बर्जील पाडलाच. भोकावर घालायला चंदल कुठून आणणार? खारफुटीच्या वाशांची निर्यात केनियाने 1982मध्येच बंद केली. ‘लोखंडी गर्डर टाका,’ असं कंत्राटदार म्हणेल. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड किती इमानाने गंजतं, ते त्याला ठाऊक असतं. पण तोवर त्याचं बिल निघालेलं असतं. ‘मग स्लॅब टाका.’ प्रवाळाची जुनी भिंत आधीच मिठाने खाल्लेली. तिच्या डोक्यावर काँक्रीट देणं म्हणजे आजोबांच्या खांद्यावर सिलिंडर देणं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे फिरल्याने घर फिरेल. तेव्हा मनोरा राहू द्यावा हे सौंदर्यापोटी नव्हे, निव्वळ कंजुषीपोटी सांगतो. भोक बुजवण्यापेक्षा त्याच्यावर बर्जील असणं स्वस्त.

यावर शेवटचा आक्षेप असा, की मग नव्या इमारतींवर बर्जील का दिसतात? दुबईतल्या मदिनत जुमेरा या रिसॉर्टचं सगळं बांधकामच अशा मनोऱ्यांनी सजलेलं आहे. अबू धाबीच्या मसदर शहरात तर पंचेचाळीस मीटर उंचीचा एक मनोरा आहे, पण तो खरोखर वारा खाली आणतो, त्याला नमस्कार. बाकीचे बहुतेक नुसते शोभेचे. आत सलग स्लॅब, एकही वासा कापलेला नाही, आणि एसीची नळी दुसऱ्याच वाटेने गेलेली. अशा घराचा मालक मात्र भाग्यवान : उद्या मनोऱ्याचा कंटाळा आला तर तो खुशाल पाडावा, खाली फक्त रंगाचा एक हात द्यावा लागेल.